शाळेची खिडकी केव्हा उघडावी?

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या दैनंदिनीत एक सूचनापत्रक येते. तुमच्या धाकट्या भावाच्या किंवा बहिणीच्या दप्तरात ते तुम्ही पाहिले असेलच. मुलांना स्वेटर घालून पाठवावे, पाणी पुरेसे द्यावे, ताप असेल तर घरी ठेवावे, साबणाने हात धुण्याची सवय लावावी, अशा पाच-सहा ओळी त्यात असतात. आई किंवा बाबा त्यावर सही करतात आणि पत्रक पुन्हा दप्तरात जाते.

सूचना चांगल्याच असतात. परंतु सूचना पाळणे वेगळे आणि ती का पाळायची हे समजणे वेगळे. कारण समजलेले नसले आणि दोन सूचना एकमेकींशी भांडू लागल्या, म्हणजे आपला गोंधळ उडतो. ‘वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे एकाची सर्दी दुसऱ्याला लागणार नाही,’ असे एक जण सांगतो. ‘खिडक्या बंद ठेवा, बाहेर धूर आणि धूळ आहे,’ असे दुसरा सांगतो. गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात. मग बाईंनी करायचे काय?

माजिवड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न रोजचाच आहे. ठाण्याचा नकाशा उघडून पाहा. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग माजिवड्याला पोहोचतो. तेथून एक वाट नाशिककडे जाते आणि शेजारच्या कापूरबावडीपाशी दुसरी वाट फुटून घोडबंदरमार्गे गुजरातच्या दिशेने निघते. मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा आणि मोटारी यांची येथे दिवसरात्र वर्दळ असते. गेल्या काही वर्षांत मेट्रोच्या आणि उंच इमारतींच्या बांधकामांची धूळही तिच्यात मिसळली. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर. या मधल्या सखल पट्ट्यात माणसे राहतात आणि मुले शाळेत जातात. येथल्या वर्गाची खिडकी केव्हा उघडावी आणि केव्हा मिटावी, हे ठरवण्यासाठी आपल्याला थोडे जीवशास्त्र, थोडे भौतिकशास्त्र आणि थोडे अंकगणित लागणार आहे.

थंडीने सर्दी होते का?

आधी थंडीचीच चौकशी करू. आपली थंडी तशी सौम्य. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ रोजी किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअस नोंदले गेले, त्याची आठवण अजून काढली जाते. एरवी ठाण्यात पहाटेचा पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरला, तरी आपण ‘काय थंडी पडली आहे!’ असे म्हणून शाली बाहेर काढतो. तरीही डिसेंबर-जानेवारीत वर्गावर्गातून शिंका आणि खोकले ऐकू येतातच.

सर्दी विषाणूंमुळे होते, नुसत्या गारठ्यामुळे नाही. इंग्लंडमध्ये सॅल्सबरी गावाजवळ १९४६ साली केवळ सर्दीचा अभ्यास करण्यासाठी एक केंद्र सुरू झाले होते. तेथे स्वेच्छेने आलेल्या माणसांना गरम पाण्याने आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्यात उभे करण्यात आले. बिचारे कुडकुडले, पण नुसत्या कुडकुडण्याने त्यांना सर्दी झाली नाही. याच केंद्रात डेव्हिड टायरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास एक महत्त्वाची गोष्ट शोधून काढली. सर्दीचे ‘ऱ्हायनो’ विषाणू प्रयोगशाळेत वाढवायचे तर शरीराच्या ३७ अंश तापमानापेक्षा ३३ अंश तापमान अधिक मानवते. ‘ऱ्हायनो’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या नाकावरून आला आहे, आणि श्वासाबरोबर येणाऱ्या हवेमुळे नाकाच्या आतले तापमान सुमारे ३३ अंशच असते!

असे का, याचे एक उत्तर २०१५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठातून आले. एलन फॉक्समन, अकिको इवासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या श्वासमार्गातील पेशींवर प्रयोग केले. विषाणू शिरल्याचे कळताच पेशी धोक्याची सूचना देणारी आणि बचाव करणारी रसायने तयार करतात. थंड पेशींमध्ये हे काम मंद चालते, असे त्यांना दिसले. म्हणजे थंडी चोर आणत नाही; पण चोर आधीच अंगणात असेल, तर पहारेकऱ्याला ती थोडी पेंगुळते. म्हणून स्वेटर आणि कानटोपी यांची सूचना चुकीची नाही. मात्र तेवढ्याने काम भागत नाही, कारण विषाणू येतो तो शेजारच्या मुलाच्या श्वासातून आणि हातावरून.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. थंडी म्हणजे फ्लू, असे समीकरण युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत असते. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ पासून विषाणूंचा अभ्यास करीत आहे. तेथील आणि देशातील इतर प्रयोगशाळांच्या नोंदींवरून असे दिसते, की महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि दुसरी, बहुधा लहान लाट हिवाळ्याच्या सुमारास येते. पावसाळ्यातही आपण खिडक्या लावून घेऊन बसतो, नाही का? तेव्हा खिडकीचा प्रश्न हा केवळ थंडीचा नाही.

नाकावर पडणारा बोजा

थंडीत नाक ‘सुकते’ असे आपण म्हणतो. किती सुकते, ते मोजून पाहू.

पावसाळ्यातल्या २७ अंश तापमानाच्या दमट हवेत दर घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. हिवाळ्यातल्या पहाटेची हवा १५ अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असली, तर त्याच घनमीटरात अवघी १० ग्रॅम वाफ असते. पण फुप्फुसांना हवा कशी लागते? ३७ अंशांवर वाफेने पूर्ण भरलेली, म्हणजे घनमीटरात सुमारे ४४ ग्रॅम वाफ असलेली. मधली तूट भरून काढण्याचे काम नाक आणि श्वासनलिका करतात. पावसाळ्यात ही तूट २१ ग्रॅमची, तर हिवाळ्यातल्या पहाटे ३४ ग्रॅमची. म्हणजे नाकाला दीडपटीहून अधिक पाणी पुरवावे लागते.

नाकाच्या आत चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि त्याखाली अगदी सूक्ष्म केस सतत हलत असतात. धूळ आणि जंतू त्या थरात अडकतात आणि हे केस त्यांना घशाकडे ढकलून देतात. थर सुकला की ही वाहतूक रेंगाळते. पाणी पीत राहा, नाक मोकळे ठेवा आणि तोंडाने श्वास घेत धावू नका, असे थंडीत का सांगतात ते आता लक्षात येईल. तहान लागली नाही म्हणून मुले हिवाळ्यात पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणतात. ती रिकामी होते की नाही, हे मोठ्या भावंडाने पाहावे.

बंद वर्गाचे अंकगणित

आता वर्गात येऊ. सात मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घ्या. तिचे घनफळ १२६ घनमीटर. बाके, कपाटे आणि मुले यांनी व्यापलेली जागा वजा करून १२० घनमीटर हवा धरू. वर्गात ५० मुले आहेत. शांत बसलेले लहान मूल उच्छ्वासावाटे तासाला साधारण १२ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर टाकते. पन्नास मुलांचे झाले ६०० लिटर, म्हणजे ०.६ घनमीटर. १२० घनमीटर हवेत ०.६ घनमीटर मिसळले तर प्रमाण होते दहा लाखांत ५,००० भाग!

बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. म्युनिक शहरातील माक्स फोन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली असे सुचवले होते, की राहत्या खोलीत हे प्रमाण दहा लाखांत १,००० भागांच्या वर जाऊ देऊ नये. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही हा आकडा उपयोगी पडतो. आपला वर्ग सर्व बाजूंनी घट्ट बंद केला, तर ४२० वरून १,००० वर जायला किती वेळ लागेल? ५८० भागिले ५,००० म्हणजे ०.११६ तास. अवघी सात मिनिटे! खऱ्या वर्गाच्या दारा-खिडक्यांना फटी असतात, त्यामुळे थोडा अधिक वेळ लागेल. पण हजेरी घेऊन पाढे सुरू होईपर्यंत मर्यादा ओलांडली जाईल, हे नक्की.

एवढ्या कार्बन डाय-ऑक्साइडने कोणी आजारी पडत नाही. फार तर वर्ग कोंदट वाटतो आणि जांभया येतात. मग त्याची मोजणी कशाला? कारण तो दुसऱ्याच गोष्टीचा मापक आहे. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ४०,००० भाग असतो. वर्गात प्रमाण १,००० झाले, म्हणजे तुम्ही आत घेतलेल्या हवेचा जवळजवळ दीड टक्का भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेला असतो. ते २,४०० झाले की पाच टक्के. म्हणजे दर वीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्याचा वापरलेला! वर्गात एखादे आजारी मूल असेल, तर त्याच्या श्वासातले विषाणूही त्याच हिशेबाने वाटले जातात.

हवेतून असा प्रसार होतो, हे एका शाळेनेच दाखवून दिले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळ विल्यम वेल्स या संशोधकाने काही प्राथमिक वर्गांत छताच्या बाजूला अतिनील किरणांचे दिवे बसवले. वरची हवा या किरणांखालून जाई आणि तिच्यातले जंतू मरत. १९४१ साली तेथे गोवराची मोठी साथ आली, तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत गोवर इतर वर्गांपेक्षा बराच कमी पसरला.

गोवर ही काही जुनी किंवा दूरची गोष्ट नव्हे. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडी परिसरात गोवराची साथ आली. मालेगाव आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथेही रुग्ण आढळले आणि काही बालके दगावली. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्यांमध्ये एक रुग्ण बारा ते अठरा जणांना हा आजार देऊ शकतो. म्हणून हिवाळ्याच्या सूचनापत्रकात लशीची ओळ हवीच. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते. घरातल्या लहानग्याचे लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. एखादी मात्रा राहिली असेल, तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते.

तेव्हा वर्गाचा निकाल स्पष्ट दिसतो : खिडक्या उघडा! पण थांबा, अजून दुसऱ्या बाजूची साक्ष व्हायची आहे.

माजिवड्याची सकाळ

हिवाळ्यातल्या पहाटे उंच इमारतीच्या गच्चीवरून घोडबंदर रस्त्याकडे पाहिले, तर खाली करड्या रंगाची एक चादर पसरलेली दिसते. वरचे मजले उन्हात आणि खालचा रस्ता धुरक्यात. हे असे का होते बरे?

एरवी जमिनीलगतची हवा उबदार आणि वरची थंड असते. उबदार हवा हलकी, म्हणून ती वर जाते आणि आपल्याबरोबर धूर घेऊन जाते. हिवाळ्यात मात्र आकाश निरभ्र असते. सूर्य मावळल्यावर जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते आणि गार होते. तिला टेकलेली हवाही गार होते. डोंगरउतारावरची थंड हवा जड असल्याने तीही सखल भागात उतरते. पहाटेपर्यंत चित्र उलटे होते : खाली थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर. यालाच भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वर जाऊ शकत नाही. जणू पातेल्यावर झाकण ठेवले आहे! मग गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कोणी पेटवलेला पाचोळा आणि कचरा, सारे काही त्या झाकणाखाली आपल्या नाकाच्या पातळीवर साचते.

झाकण किती घातक ठरू शकते, हे लंडनने पाहिले आहे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत अशाच विपरीततेखाली कोळशाचा धूर कोंडला गेला. त्यात सुमारे चार हजार माणसे मरण पावली, असे त्या वेळी मोजले गेले. पुढच्या अभ्यासकांनी आकडा याहून पुष्कळ मोठा सांगितला. आपल्याकडे समुद्र जवळ आहे आणि दुपारी खारे वारे वाहतात, म्हणून झाकण रोज उघडते. पण ते उघडेपर्यंतचे तास जपण्याचेच असतात.

या धुरक्यातले सर्वांत त्रासदायक कण अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असतात. आपला केस सुमारे ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण ओळीने बसतील. नाकातला चिकट थर मोठी धूळ अडवतो, पण हे कण थेट फुप्फुसाच्या खोल वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा असलेल्या मुलांना त्यांचा त्रास तत्काळ जाणवतो. आणि मूल धावू लागले की ते शांत बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेते. सकाळी सात वाजता महामार्गालगतच्या मैदानावर कवायत घेणे का नको, ते यावरून कळेल.

नऊचा ठोका

झाकण केव्हा उघडते? जमीन तापू लागली म्हणजे. डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात सूर्य सातच्या आगेमागे उगवतो. कोवळे ऊन जमीन तापवते, तापलेली हवा वर उठू लागते आणि साधारण नऊ-दहाच्या सुमारास विपरीतता मोडते. घड्याळ प्रत्येक दिवशी सारखेच चालेल असे नाही. ढगाळ किंवा वारा असलेल्या दिवशी ते वेगळे असते.

येथे प्राथमिक शाळांची एक बातमी आपल्या कामी येते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासननिर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते इयत्ता चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. कारण दिले होते ते झोपेचे. शहरात मुले रात्री उशिरा झोपतात, पहाटे उठतात आणि वर्गात पेंगतात. हवेचा विचार त्यामागे नव्हता. पण माजिवड्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात त्याचा दुसरा फायदा होतो. आठ-साडेआठला घरून निघणारे मूल साडेसहाला निघणाऱ्यापेक्षा उबदार हवेत चालते आणि वर्ग सुरू होतो तेव्हा झाकण सैल होऊ लागलेले असते.

तुमची माध्यमिक शाळा मात्र सातची असू शकेल. मग खिडकीचे वेळापत्रक असे ठेवता येईल :

सात ते नऊच्या दरम्यान रस्त्याकडच्या खिडक्या मिटाव्यात. मात्र अंगणाच्या किंवा मागच्या बाजूच्या खिडक्या, दार आणि छताजवळचे झरोके उघडे ठेवावेत. सगळेच बंद करू नये, कारण ती सात मिनिटे विसरून चालणार नाही.

नऊ-साडेनऊनंतर, बाहेर ऊन पसरल्याचे पाहून, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात. एकाच बाजूची खिडकी उघडली तर हवा आत येऊन घुटमळते. समोरासमोर उघडल्या तर ती आरपार वाहते.

मधल्या सुट्टीत सर्व मुलांनी बाहेर जावे आणि वर्ग रिकामा, उघडा राहावा.

कवायत आणि खेळाचा तास थंडीच्या तीन महिन्यांपुरता उशिरा घ्यावा. संध्याकाळी अंधार पडल्यावर झाकण पुन्हा बसू लागते, म्हणून खेळ सूर्यास्तापूर्वी आटोपावा.

झाडलोट शाळा भरण्यापूर्वी आणि ओल्या फडक्याने करावी. शाळेच्या आवारातला पाचोळा जाळू नये. खड्डा खणून त्याचे खत करावे.

हजेरीचे बक्षीस

एवढे करूनही आजारी मूल वर्गात आले, तर खिडकी एकटी किती लढणार? ताप असलेल्या मुलाने घरी राहावे आणि औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास झाल्यावरच शाळेत यावे, हा साधा नियम आहे. तो मोडतो कुठे? आई-बाबा दोघेही कामावर जातात आणि घरी पाहायला कोणी नसते. अशा घराची अडचण खरी आहे. पण आणखी एक कारण आपणच निर्माण केले आहे. अनेक शाळांत वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला शंभर टक्के हजेरीचे बक्षीस मिळते. ते मिळावे म्हणून तापाचे औषध घेऊन वर्गात बसणारी मुले तुम्हाला माहीत असतील. त्यांची चिकाटी मोठी, पण तिची किंमत शेजारच्या बाकावरचे मूल देते. आजारपणाचा दिवस हजेरीच्या हिशेबातून वगळावा, असा ठराव तुमच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी मुख्याध्यापकांपुढे ठेवायला काय हरकत आहे?

हातांविषयी दोन शब्द. फ्लू आणि करोना यांच्या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण ते आवरण फोडतो. सर्दीच्या ऱ्हायनो विषाणूला असे आवरणच नसते. तो साबणाने फुटत नाही, तर चोळण्याने सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून नुसता साबण लावून उपयोग नाही. वीस सेकंद चोळणे महत्त्वाचे.

घरची खिडकी

आता शाळेतून घरी या, कारण हिवाळ्यात घराची खिडकी बंद राहणे कधी कधी प्राणावर बेतते.

गॅसवर चालणारा गिझर न्हाणीघरात असेल आणि झरोका गारठ्यामुळे बंद केलेला असेल, तर आतला प्राणवायू कमी पडून ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते आणि दार उघडण्याचीही शक्ती उरत नाही. म्हणून असा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा, आणि तोपर्यंत झरोका कधीही बंद करू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, त्याचेही कारण हेच. डासांसाठी बंद खोलीत रात्रभर अगरबत्ती जाळण्यापेक्षा मच्छरदाणी कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट खोकल्याच्या औषधाची. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात भेसळयुक्त खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन अनेक मुले दगावली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव सापडला. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती साधारणपणे देऊ नयेत. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होते. कोमट पाणी, सूप, विश्रांती आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या एवढे पुष्कळ. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, म्हणून ‘मागच्या वेळचे उरलेले’ औषध देऊ नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलाला वाफ द्यायला बसवू नये. भांडे उलटून भाजण्याचा धोका मोठा असतो.

मग डॉक्टरांकडे केव्हा धावायचे? येथे घड्याळ उपयोगी पडते. भावंड शांत असताना, रडत नसताना, त्याचे पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, ओठ निळसर दिसले किंवा मूल खाणे-पिणे सोडून मलूल पडले, तर उशीर करू नका. आणि घरातल्या कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

तुम्ही करून पाहा

शास्त्रावर नुसता विश्वास ठेवू नका. ते तपासून पाहा. माजिवड्यात त्यासाठी उत्तम सोय आहे.

पहिला प्रयोग उंच इमारतीचा. साधे दोन तापमापक घ्या. आधी ते शेजारी शेजारी ठेवून सारखेच तापमान दाखवतात ना, हे पाहून घ्या. फरक असेल तर लिहून ठेवा. मग घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, निरभ्र आणि वारा नसलेल्या दिवशी सूर्योदयापूर्वी, एक तळमजल्याच्या अंगणात आणि एक गच्चीवर टांगा. नियमानुसार उंचावर तापमान कमी हवे : दर शंभर मीटरला साधारण दोन तृतीयांश अंशाने. तुमच्या गच्चीवर ते अंगणापेक्षा जास्त भरले, तर तुम्ही झाकण मोजले! अकरा वाजता पुन्हा मोजा आणि काय बदलले ते पाहा.

दुसरा प्रयोग धुळीचा. पांढऱ्या फरशीच्या दोन तुकड्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. एक तुकडा रस्त्याकडच्या खिडकीत आणि दुसरा अंगणाकडच्या खिडकीत ठेवा. चोवीस तासांनी भिंगाखाली एक चौरस सेंटिमीटरातले ठिपके मोजा. अडीच मायक्रोमीटरचे कण तुम्हाला दिसणार नाहीत, पण कोणती खिडकी सकाळी मिटायची याचा अंदाज नक्की येईल.

तिसरा प्रयोग सर्वांत सोपा, पण सर्वांत चिकाटीचा. वर्गशिक्षकांच्या मदतीने, कोणाचेही नाव न लिहिता, दर आठवड्याला सर्दी-ताप-खोकल्यामुळे किती मुले गैरहजर राहिली त्याची नोंद जूनपासून फेब्रुवारीपर्यंत ठेवा आणि आलेख काढा. आपल्या शाळेत आजारपणाचा उंचवटा जानेवारीत येतो की ऑगस्टमध्ये? खिडक्यांचे वेळापत्रक पाळणाऱ्या वर्गाचा आलेख शेजारच्या वर्गापेक्षा वेगळा दिसतो का? एका वर्षाच्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडे वही सोपवा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, की शाळेच्या हिवाळी सूचनापत्रकात तुमच्या शाळेने स्वतः मोजलेले आकडे छापता येतील.